मिशेलिन एक्सएएस १५५ एचआर १३: घरी बांधलेल्या गाडीचे चौथे टायर

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी हे टायर चढवले. कालपर्यंत त्यांच्यावर १,९०० मैल झाले, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या थोडं वर. ऊन, पाऊस, ऑक्टोबरातला ओल्या पानांचा राडा, सगळ्यातून ते गेलेत. आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

आधी गाडी कुठली ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. खालचा सांगाडा १९६८ च्या ट्रायम्फ हेरल्ड १३/६० चा. इंजिन त्याच गाडीचं, १२९६ सीसी. वरची दोन माणसांची उघडी बॉडी मी बांधली: ॲश लाकडाची चौकट आणि तिच्यावर वाळूच्या पिशवीवर ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. पाच हिवाळे गेले त्यात. अर्धी टाकी पेट्रोल धरून वजन ६४० किलो भरलं. मी कोव्हेंट्रीत राहते आणि ही हेरल्ड जिथे जन्मली तो कॅन्लीचा कारखाना माझ्या घरापासून दोन मैलांवर होता. १९८० मध्ये तिथून शेवटची स्पिटफायर, ट्रायम्फची दोन माणसांची उघडी गाडी, बाहेर पडली. आता तिथे गोदामं आणि ऑफिसं आहेत, आणि मधल्या एका रस्त्याचं नाव हेरल्ड ॲव्हेन्यू आहे. पहिल्यांदा इंजिन चालू करून गाडी बाहेर काढली तेव्हा मुद्दाम त्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणली.

सांगाडा आणि मागचं-पुढचं सस्पेन्शन मी मूळचंच ठेवलं. मी गाडी बांधली तेव्हा इथल्या वाहन नोंदणीच्या नियमात घरी बदललेल्या गाडीला जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. मूळ सांगाड्याला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. सांगाड्याला कात्री लावली असती तर सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागली असती. पण या निर्णयाची दुसरी बाजू मला नंतर समजली, आणि ती टायरनेच समजावली.

टायर हा आमच्या घरचा विषय. बाबांचं मिरजेत रिमोल्डिंगचं दुकान होतं. ऊस सुरू झाला की कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे आणि ट्रॉल्यांचे गोटा झालेले टायर दुकानाबाहेर माणसाच्या उंचीच्या वर रचलेले असत. शाळेतून आले की मी त्यांच्यामागे बसून डबा खायची. तापल्या रबराचा तो वास अजूनही मला घराचा वाटतो. बाबा टायर हातात घेत तेव्हा नक्षीकडे शेवटी बघत. आधी अंगठ्याने कड दाबत, मग आतून हात फिरवत, मग नाकाजवळ नेत. आता त्यांचं वय शहात्तर आहे, दुकान भावाने बंद करून तिथे बॅटऱ्या ठेवल्यात, पण टायरचं विचारायचं तर मी त्यांनाच विचारते.

तर गाडी रस्त्यावर यायच्या आधी मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. माझ्यासमोर मापांची यादी होती, मिलिमीटरमधल्या रुंदीची.

"बाबा, १८५ घेऊ का १७५?"

"रुंदीचं नंतर बघू गं. आधी खाली काय हाय ते सांग. कमानपाटा हाय का कॉइल?"

"पुढे कॉइल. मागे कमानपाटा, पण आडवा. एकच, डिफरन्शियलच्या डोक्यावर बसवलेला."

"म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या हेरल्डसारखीच की. ती पाय मुडपायची बघ."

मिरज डॉक्टरांचं गाव. त्यातल्या एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनायची, मूळ आराखडा इथल्याच ट्रायम्फचा. बाबांनी तिचे टायर कितीदा तरी बदलले होते. कृष्णाघाटाकडच्या वळणावर डॉक्टर जरा जोरात आले की मागचं बाहेरचं चाक खाली मुडपायचं, बैल बसताना पाय मुडपतो तसं, असं बाबा म्हणाले. मी ते ऐकलं, वहीत लिहिलंही, आणि तरी १८५ घेतले.

चाक मुडपतं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण टायरची अख्खी निवड त्यावर अडकलेली आहे. हेरल्डच्या मागच्या प्रत्येक चाकाचा दांडा डिफरन्शियलजवळच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या पेटीजवळच्या, सांध्यावर वर-खाली झुलतो. चाक त्या दांड्याला पक्कं काटकोनात. त्यामुळे चाक वर गेलं की त्याचा माथा आत कलतो, खाली आलं की बूड आत जातं. वळणावर रस्ता बाहेरच्या चाकाला आतल्या बाजूला रेटतो. तो रेटा जेवढा मोठा तेवढं चाकाचं बूड आत सरकायला बघतं आणि गाडीची पाठ वर उचलली जाते. पाठ उचलली की चाक आणखी मुडपतं. मग टायर तळव्यावर उभा न राहता बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि पकड एका क्षणात जाते. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होते आणि हेच सगळं दुप्पट वेगाने घडतं.

यातली कळीची गोष्ट अशी की टायरची पकड वाढवली की रेटाही वाढतो. साध्या गाडीला चिकट, रुंद टायर लावला तर ती वळणावर जास्त टिकते. या गाडीला लावला तर ती पाय लवकर मुडपते.

माझ्या पहिल्या टायरांवर मी गाडी रस्त्यावर नेलीच नाही. सांगाडा विकत घेतला तेव्हा ते त्याच्यासोबत आले होते: पुढे दोन रेडियल (आतले धागे सरळ आडवे), मागे दोन जुने क्रॉसप्लाय (धागे तिरके, एकमेकांवर फुली मारलेले). इथल्या कायद्यात नेमकी हीच जोडी चालत नाही, पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय, आणि कारण अगदी सरळ आहे: पुढचं टोक रस्ता धरून ठेवतं आणि मागचं आधी सुटतं. रेडियलची नक्षी मात्र सुंदर होती, जवळजवळ नवी. बाबा म्हणाले, तारखेचा शिक्का दाखव. शिक्क्यात तीनच आकडे होते, ४३७, पुढे छोटासा त्रिकोण. २००० सालानंतरच्या टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तीन आकडे आणि त्रिकोण म्हणजे १९९७ चा त्रेचाळिसावा आठवडा. कडेवर अंगठा दाबला तर रबरात बारीक तडे उघडले, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखे. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन: या गाड्या कमी धावतात, त्यामुळे टायर झिजून मरत नाहीत, वाळून मरतात. नक्षी बघून फसू नका.

दुसरे, १८५/६० आर १३, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, तेरा इंची रिमवर बसणारे. ट्रॅकवर पळणाऱ्या हलक्या गाड्यांसाठी बनवलेले, मऊ रबराचे. ते एका मित्राकडून साडेपाच इंची रिमांसकट घेतले. हेरल्डची मूळ रिम साडेतीन इंचांची, चार स्टड, ३.७५ इंचांच्या वर्तुळावर. या वर्तुळाच्या रिमा सहज मिळत नाहीत म्हणून तर मोह झाला. दिसायला गाडी काय दिसली! मडगार्डखाली चाक गच्च भरलं. मी गॅरेजच्या दारात उभी राहून कितीतरी वेळ बघत होते.

मग आकडे मांडले. १५५/८० आर १३ चा घेर कागदावर १,८१६ मिलिमीटर, १८५/६० चा १,७३५. साडेचार टक्के कमी. हेरल्डचं डिफरन्शियल ४.११ चं, म्हणजे वरच्या थेट गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ४.११ फेरे. ताशी ६० मैलांना इंजिन १५५ वर मिनिटाला ३,६४० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, १८५ वर ३,८१०. या गाडीला मुळातच मोठ्या रस्त्यावर आणखी एक गिअर हवा असं वाटत राहतं, त्यात ही भर. स्पीडोमीटर ६० दाखवायचा तेव्हा खरे ५७ असायचे. गाडी जमिनीला १३ मिलिमीटरने जवळ आली, आणि एक्झॉस्टचा पाइप आमच्याच गल्लीतल्या गतिरोधकाला घासला. स्टिअरिंग, जे हेरल्डमध्ये दोन बोटांनी फिरतं, ते पार्किंगमध्ये दोन्ही हातांनी ओढावं लागायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण सप्टेंबरात बॅनबरीहून स्ट्रॅटफर्डकडे येताना सनरायझिंग हिलचा उतार लागला. चढा, झाडीतला, वळणांचा रस्ता आहे तो. वेग फार नव्हता. डाव्या वळणात पुढे सायकलवाला दिसला आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. पाठ वर उचलली गेली, अगदी स्पष्ट, कोणी मागून जॅक लावावा तशी. मागचा उजवा कोपरा बाहेर गेला, मी स्टिअरिंग उलटं धरलं, गाडी समोरच्या लेनमध्ये अर्धी जाऊन परत आली. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हतं. सायकलस्वार पुढे निघून गेला, त्याला काही कळलंही नसेल. मी खाली पहिल्या मोकळ्या जागेत थांबले आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून राहिले. टायरचा काही दोष नव्हता. त्यांनी जे करायला हवं तेच केलं होतं: घट्ट धरलं. त्यांच्या वर जे बसलं होतं त्याला ते घट्ट धरणं झेपणारं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "पाय मुडपला म्हणायचं," एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांनीच फोन करून विचारलं, की झोप लागली का.

तिसरे टायर थोडक्यात. १५५/८० आर १३, आजच्या छोट्या गाड्यांसाठी बनवलेले, बाजारातले सगळ्यांत स्वस्त. त्यांच्यासाठी स्पिटफायर १५०० च्या साडेचार इंची रिमा शोधल्या. १५५ ला चार ते साडेपाच इंचांची रिम लागते, त्यामुळे हेरल्डच्या साडेतीनवर ते बसवू नयेत. तिथे १४५/८० पर्यंतच जावं. हे माप घातल्याबरोबर गाडी पुन्हा गाडीसारखी झाली. स्टिअरिंग हलकं, वेग खरा, वळणात शांत. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक लगेच घसरायचं, आणि या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही, जे काही आहे ते माझ्या पायात आहे. रबर टणक होतं. एक हिवाळा वापरून ते एका शेजाऱ्याच्या ट्रेलरला दिले. माप बरोबर होतं, एवढं मात्र त्यांनी शिकवलं.

आता मिशेलिन एक्सएएस. हा टायर मिशेलिनने १९६५ मध्ये आणला. त्याची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अशी असमान नक्षी त्यानेच पहिल्यांदा आणली. बाहेरच्या बाजूला रबराचे भरीव ठोकळे, वळणात भार घ्यायला. आतल्या बाजूला बारीक चिरा जास्त, पाणी काढायला. कुठली बाजू बाहेर ठेवायची ते टायरवरच लिहिलेलं असतं. त्या काळी सिट्रोएन डीएसखाली हे टायर असत. आज मिशेलिन ते जुन्या गाड्यांसाठी पुन्हा बनवतं, म्हणजे साचा आणि दिसणं जुन्या वळणाचं, पण माल ताजा. माझ्या टायरांवरचा शिक्का विकत घेतला तेव्हा जेमतेम सात महिन्यांचा होता. दुकानातून न्यायच्या आधी मी चारही बघितले.

घेतले डॉनकास्टरजवळच्या बॉट्रीमधल्या लाँगस्टोन टायर्सकडून, जुन्या गाड्यांच्या टायरांचंच दुकान आहे ते. मी फोनवर माप सांगितलं तर तिकडून आधी विचारलं, रिम किती इंची, आणि मागे झुलता ॲक्सल आहे का. मला तिथल्या तिथे मिरजेचं दुकान आठवलं. टायर विकणाऱ्याने गाडीबद्दल विचारावं ही साधी अपेक्षा, पण आधीच्या तीन खरेद्यांत ती कुणीही पुरी केली नव्हती.

भाव सांगायचा तर नेहमीच्या चांगल्या १५५/८० च्या दुपटीहून बराच वर. पाच घेतले, कारण स्टेपनीही त्याच वळणाची हवी. एक टायर फुटल्यावर मागच्या दोन चाकांत दोन वेगवेगळे टायर, हे या ॲक्सलवर मला नको होतं. त्या वर्षी भारतात जायचं तिकीट पुढे ढकललं. बाबांनीच तसं सांगितलं, आणि ते ऐकताना मला वाईटही वाटलं.

बसवण्याची गोष्ट मात्र जरा लांबली. आजच्या रिमांना आतून कडेलगत जो उंचवटा असतो, टायरची कड जागेवर धरून ठेवणारा, तो माझ्या रिमांना नव्हता. हाताने चाचपून बघितलं. हवेचा दाब कमी ठेवायचा, वळणात कड सरकायची भीती, म्हणून ट्यूब टाकायचं ठरवलं. घराजवळच्या टायरवाल्याकडे गेले तर तिथल्या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये माझी गाडीच नव्हती. त्याने चांगल्या मनाने चारही चाकांत ३६ पौंड हवा भरून दिली. ६४० किलोच्या गाडीत ३६ पौंड म्हणजे बैलगाडीच्या लोखंडी धावेवर बसण्यासारखं. घरी येईपर्यंत दात वाजले.

मग पुढच्या शनिवारी सगळं पुन्हा उतरवलं आणि गॅरेजमध्ये स्वतः बसवलं, बाबा फोनच्या पडद्यावर. त्यांनी सांगितलं तसं आतला कारखान्याचा चिकटवलेला कागद खरवडून काढला, नाहीतर ट्यूब त्याच्यावर घासून फाटते. रिमवरचा गंज काथ्याने पुसला, स्टडच्या बाजूला जिथे रंग फुगला होता तिथे कानस मारली. टायरच्या पोटात आणि ट्यूबला शंखजिरं चोळलं. ट्यूब आधी थोडी फुगवून घातली म्हणजे तिला पीळ पडत नाही. मग हवा भरली, पूर्ण सोडली, पुन्हा भरली. हे दोनदा भरणं दुकानात कोणी करत नाही, पण त्याने ट्यूबला पडलेल्या घड्या सुटतात. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. पडद्यावर बाबा त्यांच्या खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि मध्येच म्हणाले, "व्हॉल्व्ह सरळ आला का बघ," आणि तो खरंच तिरका होता.

पहिल्या दहा मैलांत मला काहीच विशेष वाटलं नाही. नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे मैल सांभाळून न्यावा लागतो. तो काळ गेल्यावर एका सकाळी फॉस वेने निघाले. रोमनांनी आखलेला रस्ता तो, सरळ, पण जमीन लाटांसारखी वर-खाली. चेस्टरटनच्या जुन्या पवनचक्कीवरून खाली गेडनकडे. इथे गाडीने पहिल्यांदा मला रस्ता वाचून दाखवला. डांबराचा पोत बदलला की स्टिअरिंगच्या काठावर कळायचं. ट्रकच्या चाकोऱ्यांमध्ये १८५ वाले टायर गाडीला ओढून न्यायचे. हे सरळ जातात. वळणात घातलं की आधी टायरची उंच कड किंचित कलते, मग गाडी कलते, मग टायर हलकेच कुरकुरतो. हे तीन टप्पे मला स्पष्ट वेगळे जाणवतात, आणि तिसऱ्यानंतरही वेळ उरते. पकड एकदम संपत नाही, उताराला लागल्यासारखी हळूहळू कमी होते. चिकट टायरवर पहिला टप्पा आणि शेवटचा यांत काहीच नव्हतं.

सनरायझिंग हिल मी टाळत नव्हते, पण मुद्दाम गेलेही नव्हते. जूनमध्ये गेले. त्याच उतारावर, त्याच डाव्या वळणात, मागे-पुढे रस्ता मोकळा असताना, त्याच वेगाने गेले आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडला. पाठ उचलली. उचलणारच, सांगाडा तोच आहे. पण टायर त्याच्या आधीच थोडासा घसरायला लागला होता, त्यामुळे रेटा वाढलाच नाही, आणि चाक मुडपायच्या आत गाडी आपली आपण सावरली. जे आधी बाबांच्या तोंडून ऐकलं होतं ते तेव्हा पाठीच्या कण्यात उतरलं.

ओल्यात: ऑगस्टात क्लबच्या लोकांनी एका जुन्या धावपट्टीवर दिवस ठरवला होता, सकाळभर पाऊस. तिसऱ्या स्वस्त टायरांसोबत मी आदल्या वर्षी तिथेच ब्रेक मारून बघितले होते आणि शंकू लावले होते. एक्सएएस त्याच वेगाने त्या शंकूच्या चांगलंच अलीकडे थांबले, तीनही वेळा. आजच्या उत्तम आधुनिक टायरची बरोबरी ते ओल्यात करतील असं मी म्हणणार नाही. तुम्ही रोज सकाळी पावसात ऑफिसला हीच गाडी नेणार असाल तर चांगल्या नावाचा आधुनिक १५५/८० घ्या, पैसे वाचतील आणि मनाला शांतता राहील. आणि तुलनेसाठी टायरवरचा तो युरोपीय अक्षरांचा कागद शोधू नका. १ ऑक्टोबर १९९० च्या आधी नोंदलेल्या गाड्यांसाठीच बनवलेल्या टायरांना तो लागू नाही. इथे आपल्यालाच बघावं लागतं.

हवेबद्दल, कारण निम्मं काम तिथे आहे. १५५ चा हा टायर ७८ भारांकाचा, म्हणजे ४२५ किलो पेलणारा. माझ्या गाडीत एका चाकावर सरासरी १६० किलोच येतात. तेव्हा पुस्तकातला आकडा डोळे मिटून घेण्यात अर्थ नव्हता. पुढे २१ पौंड, मागे २६ पासून सुरुवात केली. टायरवर आडवी खडूची रेघ मारायची, गल्लीत वीस पावलं गाडी न्यायची, खडू कुठे पुसला ते बघायचं. मधोमध पुसला तर हवा जास्त. असं करत पुढे १९, मागे २३ वर आले. मागे जास्तच ठेवायची, म्हणजे मागचा टायर कमी डगमगतो आणि पुढचं टोक आधी घसरतं. या गाडीत तेच हवं. दोन्ही आकडे सारखे करून मी एकदाच बघितलं आणि पहिल्या गोल चौकातून परत आले.

नावडतं असं एकच. थंडीत सकाळी गाडी काढली की पहिला अर्धा मैल चाकं चौकोनी असल्यासारखी वाटतात. रात्रभर उभं राहून टायरला तळाशी सपाटी येते, मग ती निघून जाते. गॅरेजमध्ये आता मी हिवाळाभर गाडी स्टँडवर चढवून ठेवते.

भारतातून काहीजणांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. स्टँडर्ड हेरल्डचं जुनं माप ५.२०-१३. आज दुकानात वॅगनआरच्या खालच्या मॉडेलचा १५५/८० आर १३ मिळतो, तो उंचीला जवळ जातो, पण रिम आधी मोजा; साडेतीन इंचांची असेल तर तो घालू नका. कोणाकडे एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, असेल तर तिच्या १६५ आर १४ ला स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा १६५/८० आर १४ चालतो आणि तो तालुक्याच्या गावातही मिळतो. तारांची चाकं असतील तर ट्यूब हवीच. आणि चारही रेडियल किंवा चारही क्रॉसप्लाय, मिसळ नको. व्रेडेस्टाइन ही डच कंपनी जुन्या गाड्यांसाठी स्प्रिंट क्लासिक नावाचे टायर करते, आणि २००९ पासून ती आपल्या अपोलोच्या मालकीची आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खूश होते. मी ते टायर वापरलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल एवढंच.

काल संध्याकाळी झीज मोजली. बाबांनी सांगितलेली पद्धत: प्रत्येक टायरवर सहा ठिकाणी, तीन आडवी, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा तीन. पुढच्या दोन्हींची बाहेरची कड आतल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त गेली आहे, म्हणजे टो-इन, पुढच्या चाकांची टोकं आत वळलेली असतात ते, थोडं कमी करायला हवं. मागचे दोन्ही सगळीकडून सारखे. आकडे वाचून दाखवले तर बाबा म्हणाले, मागचे नीट फिरव कॅमेऱ्यासमोर. मी चाक जॅकवर उचललं, फोन मडगार्डखाली धरला आणि हळूहळू फिरवलं. त्यांनी दोनदा फिरवायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. आता हिवाळ्यात तो झुलणारा कमानपाटा बसव," म्हणजे स्पिटफायर मार्क ४ पासून आलेला, मधोमध खिळ्यावर डुलणारा पाटा, ज्याने चाक कमी मुडपतं. मी त्यांना तो कधी सांगितला होता ते मला आठवत नाही. शोधून वाचलं असणार. पाट्याची मागणी मी रात्रीच पाठवली.